सोयीची दुसरी नळी

लातूर-नांदेडकडील मध्यमवर्गीय घरांत पाणी शुद्ध करणारे आरओ यंत्र आता देव्हाऱ्याइतकेच ठरलेले झाले आहे. ते कोणत्या कारखान्याचे घ्यावे, त्याची गाळणी किती महिन्यांनी बदलावी, ह्यांविषयी प्रत्येक गृहस्थाजवळ एक ठाम मत असते व पाहुणे आले की ते बाहेर पडते. त्या मतांशी आमचे भांडण नाही. परंतु ह्या यंत्रास नळ्या दोन असतात आणि मते मात्र एकाच नळीविषयी ऐकू येतात.

दुसरी, बारीकशी नळी मोरीत सोडलेली असते. यंत्रात पाणी दाबाने एका अतिसूक्ष्म पडद्यातून ढकलले जाते. क्षार मागे राहतात, आणि ते वाहून नेण्यास पुन्हा पाणीच लागते, नाही तर पडदा तुंबून निकामी होतो. म्हणजे हे पाणी जाणे हा यंत्राचा बिघाड नव्हे, तो त्याचा धर्मच आहे. साध्या घरगुती यंत्रात लिटरभर गोड पाण्यामागे सुमारे तीन लिटर असे जाते. घरात दिवसाला पंधरा लिटर लागत असतील तर पंचेचाळीस लिटर मोरीत गेले. वर्षाचे सोळा हजारांवर झाले.

हा आकडा लातूरकरांनी एका दुसऱ्या आकड्याशेजारी ठेवून पाहावा. २०१६ च्या उन्हाळ्यात मांजरा धरण कोरडे पडले होते, आणि पाण्यावरून दंगा होऊ नये म्हणून शहरात जमावबंदी पुकारावी लागली होती. १२ एप्रिल रोजी मिरजेहून पाण्याची पहिली आगगाडी आली; दहा वाघिणी, प्रत्येकीत सुमारे पन्नास हजार लिटर. म्हणजे तीन घरांच्या बारीक नळ्या वर्षभरात एक वाघीण रिती करतात, आणि तीस घरांच्या नळ्या ती सबंध गाडी. त्याच वर्षी पुढे पाऊस चांगला झाला, धरण भरले, आणि हा हिशेब मांडण्याची निकडही त्या पुरात वाहून गेली.

कोणी म्हणेल, बोअर आमची, वीज आमची, यंत्र आमच्या पैशाचे. मोरीत काय जाते ह्याची पंचाईत इतरांस कशाला? हा युक्तिवाद सरळ दिसतो, पण कुंपणाची भिंत जमिनीच्या वर असते. खालच्या काळ्या पाषाणाच्या भेगांना सातबारा ठाऊक नसतो. एकाने बोअर शंभर फूट अधिक खोल नेली की शेजाऱ्याची आटते, हे ह्या भागात कोणास सांगावे लागत नाही.

तेव्हा यंत्र फेकून रांजणाकडे परत जावे काय? मुळीच नाही. ज्या बारवांचे गोडवे आज गायिले जातात त्यांच्याच पायऱ्यांवरून नारू घरोघर पोचत होता. हा रोग देशातून नाहीसा झाल्यावर २००० साली तसा दाखला मिळाला. नांदेड जिल्ह्यातील काही गावांच्या पाण्यात फ्लोराइड आहे. ते उकळून जात नाही, आणि मुलांचे दात व म्हाताऱ्यांची हाडे त्याची साक्ष देतात. तेथे हे यंत्र चैनीचे म्हणणे क्रूरपणाचे होईल. मात्र धरणाचे पाणी नळाला येते तेथे ते बसवण्यापूर्वी पाणी तपासून घ्यावे. लिटरमागे ५०० मिलिग्रॅमहून कमी क्षार असतील तर ह्या यंत्रांना मनाई करावी, असे राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ साली सरकारास सांगितले होते.

तपासणी म्हणजे विक्रेत्याची तपासणी नव्हे. तो नळाच्या पाण्यात विजेच्या दोन कांड्या बुडवतो, पाणी तांबडे-काळे होते, आणि गृहिणी घाबरते. तो रंग बहुतांशी कांडीच्याच लोखंडाचा असतो. यंत्राच्या पाण्यात क्षार थोडे, म्हणून वीज नीट वाहत नाही व ते स्वच्छ राहते. पाण्यात नसलेला गाळ तो असा डोळ्यांपुढे आणतो, आणि जाणारे पाणी ओट्याखाली दडवून ठेवतो.

खरा प्रश्न ह्या दडण्याचा आहे. विहिरीवरून हंडा आणणाऱ्या बाईस पाण्याचे वजन मानेला कळत असे. तिला काटकसर शिकवावी लागली नाही. यंत्राने ते वजन काढून घेतले. न दिसणाऱ्या नासाडीचा दोष द्यावा काय, ह्यावर वाद होऊ शकेल. पण नळी एकदा पाहिल्यावर तो वाद उरत नाही असे आम्हांस वाटते. उपायही अवघड नाही. नळी बादलीत सोडावी. ते पाणी फरशी पुसण्यास, शौचकूपात ओतण्यास चालते. तुळशीला घालू नये, क्षार साचतात.

मात्र अशी बादली ठेवणाऱ्या घरांतही एक गोष्ट आमच्या नजरेस आली आहे. यंत्राविषयीचे मत बहुधा यजमानांचे असते. भरलेली बादली दिवसातून तीनदा उचलते ती घरची सून किंवा धुण्याभांड्याची बाई, आणि तिचे मत अद्याप कोणी विचारलेले नाही.