सहलीचे मोल आणि यात्रेचे ऋण

यात्रेस निघालेल्या माणसाच्या हाती शेजारीपाजारी देवापुढे ठेवण्यासाठी सव्वा रुपया देतात. सहलीस निघालेल्याला ‘जपून जा’ एवढेच म्हणतात. पहिला आपलेही काही घेऊन निघाला आहे, दुसरा केवळ स्वतःपुरता निघाला आहे, ही समजूत या साध्या रीतीमागे आहे. आमच्या बेळगाव-निपाणी भागात मात्र या दोहोंमधील सीमारेषा हल्ली पुसट होऊ लागली आहे. पावसाळा सरला, की चार दिवसांसाठी एखादी बस ठरविली जाते. आंबोलीचा घाट उतरून सावंतवाडी, तेथून वेंगुर्ले, किनाऱ्याकिनाऱ्याने तेरेखोलची खाडी, पुढे पणजी आणि जुने गोवे, मंगेशी, म्हार्दोळ आणि कवळे येथे देवदर्शन, आणि शेवटी चोर्ला घाटाने परत घरी. राहण्याजेवण्याची सोय ठरलेली, वेळापत्रक छापलेले, सोबतीला माहिती सांगणारा वाटाड्या. ज्यांना ऐपत आहे ती कुटुंबे मुंबई-पुण्याच्या प्रवासी मंडळींबरोबर याच रीतीने नॉर्वेपर्यंत जाऊन तेथील फियोर्ड पाहून येतात.

यावरून आमच्या मंडळींत एक वाद नेहमी रंगतो. वडीलधारी माणसे म्हणतात, असे आयते हिंडणे म्हणजे यात्रा नव्हे. दुसऱ्याच्या डोळ्यांनी पाहिलेले ते पाहणेच नव्हे. तरुण म्हणतात, आम्ही रीतसर पैसे मोजतो, कोणाचे काही लागत नाही. मग आम्ही कसे पाहावे हे आम्हांस कोणी का सांगावे? वरवर पाहता हा वाद आवडीनिवडीचा दिसतो. परंतु त्याच्या तळाशी एक खरा नैतिक प्रश्न आहे, आणि तो असा: ज्या वाटेवरून आपण जातो तिचे मोल चुकते केले म्हणजे तिचे ऋण फिटते काय?

प्रथम वडीलधाऱ्यांच्या आक्षेपाचा विचार करू. दुसऱ्याने दाखविलेल्या वाटेने जाणे हे जर उणेपण असेल, तर आपली एकही यात्रा त्यातून सुटणार नाही. काशीस किंवा गोकर्णास गेलेल्या आपल्या पूर्वजांना हाताशी धरून फिरविणारे तीर्थोपाध्याय होतेच. कोठे स्नान करावे, कोठे पिंड द्यावा, कोणते देऊळ आधी आणि कोणते मागून, हे सारे तेच सांगत. पंढरीची वारी तर नेमाने बांधलेली आहे. आळंदीहून निघणाऱ्या पालखीसोहळ्याला हैबतबाबा आरफळकरांनी एकोणिसाव्या शतकात जी शिस्त घालून दिली, तीत मुक्काम ठरलेले, दिंड्यांचा क्रम ठरलेला आणि चोपदाराचा शब्द अखेरचा. त्या सोहळ्याशी आमच्या सीमाभागाचे नाते फार जवळचे आहे. बेळगाव जिल्ह्यातील अंकली येथील शितोळे सरकारांच्या वाड्यातून दर वर्षी दोन अश्व निघतात आणि मजल दरमजल करीत पायी आळंदीस पोहोचतात. त्यांपैकी एकावर जरीपटका घेतलेला स्वार असतो. दुसऱ्याच्या पाठीवर कोणी बसत नाही, कारण ती जागा माउलींची मानलेली आहे. लक्षावधी माणसे अशा एका रिकाम्या खोगिराच्या मागून चालतात, आणि त्यांच्यापैकी कोणालाही आपण परावलंबी झालो असे वाटत नाही. तेव्हा वाट दाखविणारा असणे यात कमीपणा नाही. आपण कोणाच्या मागून आणि कशासाठी चालतो, हे विसरणे यात तो आहे.

आता तरुणांच्या म्हणण्याकडे वळू. त्यांचे म्हणणे व्यवहाराला धरून आहे आणि त्यात लबाडी नाही. ठरलेले पैसे द्यावेत आणि ठरलेली सेवा घ्यावी, यात वावगे काहीच नाही. तथापि ‘कोणाचे काही लागत नाही’ हे विधान तपासून पाहिले पाहिजे. आपल्या शास्त्रकारांनी माणूस जन्मतःच ऋणी असतो असे मानले आहे. देवांचे, ऋषींचे आणि पितरांचे अशी तीन ऋणे तैत्तिरीय संहितेत आली आहेत. शतपथ ब्राह्मणाने त्यांत मनुष्यांचे चौथे ऋण जोडले आहे. यांपैकी एकही ऋण कोणी मागून घेतलेले नाही. आपण येण्यापूर्वीच कोणीतरी काहीतरी करून ठेवले, म्हणून ते उत्पन्न झाले. अशा ऋणाची पावती कोणत्याही प्रवासी कचेरीत मिळत नाही.

वर सांगितलेल्या चार दिवसांच्या वाटेवरच याची साक्ष मिळते. संकेश्वर, गडहिंग्लज, आजरा या मार्गाने निपाणीची बस आंबोलीकडे जाते, तेव्हा ती हिरण्यकेशी नदीच्या उलट दिशेने तिच्या उगमाकडे जात असते. हीच नदी पुढे बेळगाव जिल्ह्यात येऊन घटप्रभेला मिळते आणि वाटेत आमची शेते भिजविते. आंबोलीस जंगलातील पायवाटेने गेले, की उगमाजवळचे देवालय आणि त्याचे कुंड लागते. त्या कुंडातील एका लहानशा माशाची स्वतंत्र जात म्हणून शास्त्रज्ञांनी २०२० साली नोंद केली आणि तिला त्या नदीचेच नाव दिले. २०२१ साली महाराष्ट्र शासनाने त्या जागेला जैवविविधता वारसा स्थळ म्हणून घोषित केले. कुंड देवाचे म्हणून लोकांनी ते राखले, आणि त्या राखण्यात एक जीव कोणाच्याही नकळत तगून राहिला. आपण बसमधून उतरतो, धबधब्यात भिजतो, खाण्याच्या पिशव्या तेथेच टाकतो आणि पुढे जातो. भाड्याचा पैन् पै चुकता झालेला असतो. पण त्या कुंडाचे आणि त्या पाण्याचे आपण काही लागतो, ही जाणीव ज्याला झाली त्याचा हात पिशवी टाकताना अडखळेल.

घाट उतरल्यावर वेंगुर्ले लागते. रेल्वे येण्यापूर्वी बेळगावचा माल बैलगाड्यांनी घाट उतरून याच बंदरात जात असे. सतराव्या शतकातील डचांची वखार तेथे भग्नावस्थेत उभी आहे. नॉर्वेतील बर्गन शहरीही धक्क्यावर व्यापाऱ्यांच्या जुन्या लाकडी वखारींची एक ओळ आहे. १९७९ पासून ती जागतिक वारशाच्या यादीत आहे, आणि आपली माणसे सहा-सात हजार किलोमीटर ओलांडून ती पाहून येतात. तेथील फियोर्ड म्हणजे हिमनदीने कोरलेल्या खोल दरीत शिरलेला समुद्र. त्यांतील सोन्ये हा फियोर्ड दोनशे किलोमीटरांहून लांब आणि तेराशे मीटरांहून खोल आहे. त्याच्यापुढे आमची तेरेखोलची खाडी उथळ आणि इवलीशी वाटेल, हे खरे. परंतु दूरचे मोठे पाहून जवळचे धाकटे तुच्छ मानावे, हा त्या दर्शनाचा बोध नव्हे. तेराशे मीटर खोल पाण्यासमोर ज्याचे मस्तक आपोआप लवले, त्याने तेथे यात्राच केली असे आम्ही म्हणू. समुद्र आणि पर्वत कोणा एका देशाच्या देवांना आंदण दिलेले नाहीत.

या वाटेवरील सर्वांत बोलका प्रसंग मात्र जुवारी नदीवर घडतो. पणजीहून मडगावकडे जाताना बस आगशीहून पुलावर चढते आणि काही क्षणांत कुठ्ठाळीस उतरते. पूल नवा आणि भव्य आहे. वाटाड्या त्याची लांबी-रुंदी सांगतो, आणि माणसे खिडकीतून छायाचित्रे घेतात. कुठ्ठाळी म्हणजेच कुशस्थळी, श्रीमंगेशाचे मूळ स्थान. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांच्या राज्यात देवालये मोडली जाऊ लागली, तेव्हा १५६० च्या सुमारास भक्तांनी देवाचे लिंग उचलले आणि नदीपार, त्या वेळी पोर्तुगिजांच्या अमलाबाहेर असलेल्या अंत्रुज महालातील प्रियोळ येथे नेले, असे परंपरा सांगते. केळशीची शांतादुर्गा कवळ्यास आली, वेरण्याची म्हाळसा म्हार्दोळास आली, लोटलीचा रामनाथ बांदिवड्यास आला. कवळ्याचे आजचे देवालय उभे राहिले ते १७३८ साली, शाहू महाराजांचे मंत्री नारो राम यांच्या पुढाकाराने; म्हणजे देवीला स्वतःचे भव्य घर पुन्हा मिळेपर्यंत कित्येक पिढ्या गेल्या. त्या नदीपार जाणाऱ्यांना कोणी वाटाड्या नव्हता, परतीचा दिवस ठरलेला नव्हता. मागे घरे होती, शेते होती. ती सोडून त्यांनी देव उचलला. आणि पलीकडच्या गावांनी, ज्यांचे स्वतःचे देव होते, त्यांनी या निर्वासित देवांना जागा दिली.

तीर्थ हा शब्द ‘तरून जाणे’ या अर्थाच्या धातूपासून आला आहे. पाणी जेथून पार करता येते ती जागा म्हणजे तीर्थ. कोकणातील खाडीवरची ‘तर’ त्याच कुळातील. या अर्थाने पाहिले तर मंगेशीचे देवालय हे तीर्थ आहेच, पण त्याआधी ती नदी तीर्थ आहे. आणि नेमक्या तिच्यावरून आपण सर्वांत वेगाने जातो. बसचे भाडे आणि देवळातील अभिषेकाची रक्कम यांची बेरीज केली तरी त्या पार जाण्याचे ऋण त्यात मावत नाही. ते मानले तरच आपल्यावर काही कर्तव्य येते. ज्यांच्या देवांना परक्या गावाने एकदा आसरा दिला, त्यांना दारी आलेल्या परक्याशी कोरडेपणाने वागण्याचा अधिकार उरत नाही. आमच्या भागात मराठी, कन्नड आणि कोंकणी या भाषा एकाच बाजारात बोलल्या जातात, आणि १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपासून सीमेचे शल्य आम्ही बाळगून आहोत. अशा ठिकाणी तर ही आठवण देवघरात ठेवण्याजोगी आहे.

येथे कोणी विचारील, की चार दिवस विसाव्याला निघालेल्या माणसाच्या माथी हे ओझे कशाला? कारखान्यात, कचेरीत, शेतात राबलेल्याने थोडे मोकळे हिंडावे की नाही? अवश्य हिंडावे. समुद्रात डुंबावे, सोलकढी प्यावी, मुलांना वाळूत लोळू द्यावे. यात्रेने आनंदाला कधीच बंदी केली नाही. वारीत फुगड्या आहेत आणि जत्रेत पाळणे आहेत. ऋण मानणे म्हणजे तोंड वाईट करून बसणे नव्हे. आईचे ऋण मानणारा मुलगा तिच्या हातचे अधिक गोड मानून जेवतो.

विष्णुभट गोडसे १८५७ साली द्रव्यार्जनासाठी घरून निघाले आणि बंडाच्या धामधुमीत सापडले. त्यांच्या ‘माझा प्रवास’ या १९०७ साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकातून दिसते, की इतक्या हालांनंतरही त्यांनी गंगेची कावड घरी आणून आईवडिलांना त्या जलाने स्नान घातले. निघाले पैशासाठी, परतले गंगा घेऊन. सहलीची यात्रा होते ती अशी. मनुष्य कोणत्या हेतूने बसमध्ये चढला यापेक्षा तो घरी काय आणतो, यावर तिचा निवाडा करावा.

म्हणून आमचे सांगणे दोन्ही पक्षांना आहे. वडिलांनी वाटाड्याचा आणि आरामबसचा दुस्वास सोडावा. गुडघे दुखणाऱ्या आजीला कवळ्याची देवी दिसते ती त्यांच्यामुळेच. तरुणांनी पैसे दिल्यावर आपण मोकळे झालो, हा समज सोडावा. निघण्यापूर्वी देवापुढे उभे राहून, वाटेवरच्या एका तरी गोष्टीची नीट माहिती करून घेईन आणि एक तरी मजल पायी चालेन, एवढा संकल्प करावा; ज्याला चालवत नाही त्याने पहिला भाग पाळला तरी पुरे. वाटाड्याला आणि चालकाला नावाने हाक मारावी, त्यांचे जेवण झाले की नाही हे विचारावे. जेथे उतरलो तेथे आपली घाण मागे ठेवू नये. आणि जुवारीच्या पुलावर बस आली, की मुलाला खिडकीशी घेऊन, येथून आपला देव पलीकडे गेला आणि पलीकडच्यांनी त्याला ठेवून घेतले, एवढे एक वाक्य सांगावे. वाटाड्याच्या छापील माहितीत ते नसेल. ते सांगण्याचे काम आपलेच आहे.