पुढे पाठवणाराही साक्षीदारच

चैत्र पौर्णिमेला येरमाळ्यात येडेश्वरीची यात्रा भरते. चुन्याचे खडे वेचायला लोटलेली ती गर्दी ज्यांनी पाहिली आहे त्यांना सांगायला नको की अशा गर्दीत कुणाचे तरी लेकरू चुकतेच. मग ध्वनिक्षेपकावरून पुकारा होतो: अंगात निळा सदरा, वय चार-पाच, आईवडिलांनी मंडपापाशी यावे. हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेतही असा पुकारा आपण ऐकलेला आहे. त्यातली एक गोष्ट इतकी साधी आहे की ती लक्षातही येत नाही. पुकारणाऱ्याच्या शेजारी ते लेकरू उभे असते, किंवा त्याची रडवेली आई उभी असते. बातमी सांगणारा, बातमीतला माणूस आणि बातमी ऐकणारे, सगळे हाकेच्या अंतरावर असतात.

मुले पळवणाऱ्या टोळीची बातमी मात्र अशी आली नाही. ती २०१८ च्या उन्हाळ्यात व्हॉट्सअ‍ॅपवर आली, आणि आपल्यापैकी बहुतेकांच्या फोनवर आली. मोटारसायकलवरचे दोघे जण रस्त्यात खेळणाऱ्या मुलाला उचलून नेतात, अशी एक चित्रफीत तेव्हा देशभर फिरत होती. ती खोटी नव्हती, अर्धी होती. पालकांनी मुलांना जपावे म्हणून पाकिस्तानात कराची येथे २०१६ साली तयार झालेली ती जनजागृतीची फीत. मूळ फितीच्या शेवटी ते दोघे मुलाला परत आणून सोडतात आणि सूचनेचा फलक दाखवतात. कुणीतरी तो शेवट कापून टाकला. उरलेल्या भागाला आपापल्या जिल्ह्याचे नाव चिकटवून लोक ती पुढे पाठवू लागले.

१ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातील राईनपाडा या गावी आठवडी बाजार होता. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण तिथे आले होते, बहुतेक सोलापूर जिल्ह्याच्या मंगळवेढा भागातले. भिक्षा मागत गावोगाव फिरणे हा त्यांचा पिढीजात क्रम. मुले पळवणारे ते हेच, असा संशय कुणाच्या तरी मनात आला. जमावाने त्यांना मारत नेले, ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडले, आणि तिथे पाचही जणांचा जीव जाईपर्यंत मारले.

येरमाळ्यावरून जो मोठा रस्ता जातो त्याला आपण सोलापूर–धुळे महामार्ग म्हणतो. मारले गेले ते त्याच्या एका टोकाकडचे, मारणारे दुसऱ्या टोकाकडचे, आणि मध्ये आपण. तोच संदेश फोनवर घेऊन बसलेले आपण.

ज्यांनी हात उगारला त्यांचा न्याय करणे हे न्यायालयाचे काम. आमच्यापुढचा प्रश्न वेगळा आहे. ज्याने हात उगारला नाही, खोटे रचलेही नाही, केवळ काळजीपोटी संदेश पुढे पाठवला, त्याचे काय? लहानपणी धर्मशिक्षणाच्या वर्गात आठवी आज्ञा पाठ केली तेव्हा खोटी साक्ष म्हणजे कोर्टात उभे राहून खोटे बोलणे, अशी आमची समजूत होती. आणि आपण कोर्टाची पायरी कशाला चढतो? दहा आज्ञांत ही सर्वांत सोपी, असेच वाटायचे.

सांगायला हवे की तो संदेश आम्हीही पाठवला होता. चौघांना. त्या चौघांच्या घरी लहान मुले होती म्हणूनच पाठवला, आणि पाठवताना मनात एक हिशेब होता. खरे निघाले तर सावध केल्याचे समाधान, खोटे निघाले तर आपले काय गेले? आज तो हिशेब पुन्हा मांडून पाहतो तेव्हा त्यातली चूक दिसते. त्यात पाठवणारा होता, वाचणारा होता, वाचणाऱ्याची मुले होती. अनोळखी गावात भिक्षा मागणारा माणूस त्यात कुठेच नव्हता. खोट्या संदेशाची किंमत कुणीतरी मोजणार होता, पण तो आपल्या शेजारी उभा नव्हता, म्हणून आम्ही तो शून्य धरला.

निर्गमच्या तेविसाव्या अध्यायात खोटी बातमी पसरवू नये असे सांगितले आहे, आणि लगेच पुढच्या ओळीत, बहुसंख्य लोक दुष्कर्म करू लागले तरी त्यांच्या मागे जाऊ नये असे. या दोन सूचना शेजारीशेजारी का आहेत, हे राईनपाड्यानंतर वेगळे समजावून सांगावे लागत नाही. ख्रिस्तसभेचा धर्मशिक्षण ग्रंथ तर आणखी आत शिरतो. पुरेसा आधार नसताना शेजाऱ्याचा दोष मनातल्या मनात खरा मानणे हीसुद्धा चूकच, असे तो क्रमांक २४७७ मध्ये सांगतो. संदेश पाठवायचे बटण दाबण्याच्या आधीच काहीतरी घडून गेलेले असते.

कुणी म्हणेल, आपला धर्मच मुळी बातमी सांगण्याचा आहे. शुभवर्तमान म्हणजे चांगली बातमीच, आणि तीही एकाने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला सांगतच आपल्यापर्यंत आली. खरे आहे. पण ती कशी आली हेही पाहू या. रिकाम्या कबरीची बातमी स्त्रियांनी आणली तेव्हा प्रेषितांना ती बडबड वाटली. पेत्राने मात्र ती उडवून लावली नाही आणि तशीच पुढेही दिली नाही, तो उठून कबरीकडे धावत गेला. त्याच दिवसांत दुसरी बातमीही पसरत होती. शिष्यांनी रात्री येऊन देह चोरला असे सांगण्यासाठी पहारेकऱ्यांना पैसे मिळाले होते, आणि मत्तय लिहितो की ती गोष्ट त्याच्या काळापर्यंत लोकांत चालत राहिली. म्हणजे पुनरुत्थानाची बातमी आणि तिच्याविषयीची अफवा एकाच वेळी येरुशलेममध्ये फिरत होत्या. पहिली सांगणाऱ्यांची नावे आपल्याला माहीत आहेत, दुसरीच्या वाहकांचे एकही नाव उरलेले नाही.

संत थोमाचा सण ३ जुलैला येतो, राईनपाड्याच्या घटनेनंतर दोनच दिवसांनी. न पाहता विश्वास ठेवणारे धन्य, असे प्रभूने थोमाला सांगितले, मग आपण पुरावे मागत का बसावे, असा प्रश्न एका तरुणाने आम्हाला विचारला होता. प्रश्न बरा आहे. पण थोमाला सांगणारे दहा जण त्याच्याबरोबर तीन वर्षे जेवलेले होते, आणि परंपरा सांगते की त्यांच्यापैकी बहुतेकांनी पुढे त्या साक्षीसाठी प्राणही दिले. निनावी संदेशाला त्यांच्या पंक्तीत बसवायचे नाही.

पूर्वी बातमीला नाव असे. गावात दवंडी देणाऱ्याला पोरेही ओळखत. वर्तमानपत्राच्या पानावर तळाशी बारीक अक्षरांत मुद्रक, प्रकाशक, संपादक यांची नावे असतात. १८६७ च्या कायद्याने ती सक्तीची झाली आणि २०२३ चा नवा कायदा येईपर्यंत तोच कायदा चालला. ती ओळ कुणी वाचत नसे, पण लिहिणाऱ्याला ती माहीत असे. आपल्याच घरातले उदाहरण द्यायचे तर फादर हेन्री डोरिंग यांनी १९०३ साली अहमदनगर जिल्ह्यात मासिक काढले त्याचे नाव ‘निरोप्या’. निरोप्या म्हणजे निरोप पोहोचवणारा, ज्याला दारात थांबवून ‘कुणी पाठवलंय?’ असे विचारता येते तो. आज फोनवर ‘फॉरवर्डेड’ एवढाच शिक्का दिसतो. तोही व्हॉट्सअ‍ॅपने राईनपाड्यानंतर, जुलै २०१८ मध्ये आणला. संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल ही मर्यादाही त्याच महिन्यात भारतासाठी जाहीर झाली. म्हणजे पाच माणसे गेल्यावर यंत्राने थोडा आवर घातला.

जुने ते सगळे चांगले असे आम्हाला म्हणायचे नाही. तालुक्याचा वार्ताहर एसटीच्या वाहकाच्या हाती बातमीचे पाकीट द्यायचा आणि गरिबाची बातमी त्या पाकिटात बहुधा नसायची. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत आपल्या जिल्ह्यात भूम-परंड्याकडे लोक पाण्यात अडकले, तेव्हा त्यांची हाक आधी फोनवरूनच आली, छापील पान दुसऱ्या दिवशी आले. ज्याच्या दारात पाणी आहे तोच बातमीदार झाला. हे बळ नको असे कोण म्हणेल?

आणि खऱ्या बातमीचाही एक अवघड प्रश्न आहे. शेजारच्या केज तालुक्यातील मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची ९ डिसेंबर २०२४ रोजी हत्या झाली. मार्च २०२५ च्या सुरुवातीला आरोपपत्रातील छायाचित्रे बाहेर आली आणि एका रात्रीत घरोघरच्या फोनवर पोहोचली. लोक हादरले. ४ मार्चला मंत्री धनंजय मुंडे यांनी राजीनामा दिला. ती छायाचित्रे खरी होती आणि त्यांनी काम केले, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण देशमुखांच्या घरातही फोन आहेत. मरणाऱ्या माणसाची ती शेवटची विटंबना त्याच्या लेकरांनी, नातलगांनी, आणि आपल्या शाळकरी मुलांनीही पाहावी का? आपण दर रविवारी क्रुसावरच्या देहापुढे गुडघे टेकतो, तेव्हा दुःख झाकून ठेवा असे आम्ही सांगू शकत नाही. तरीही त्याच शुक्रवारी अरिमथाईकर योसेफ देह मागायला गेला आणि त्याने तो तागाच्या वस्त्रात गुंडाळला. साक्ष देणे आणि पांघरूण घालणे ही दोन्ही कामे त्या दिवशी कुणाला तरी करावी लागली. प्रत्येक छायाचित्राच्या वेळी यांतले कोणते काम आपले, याचे आम्हाला नेमके उत्तर सापडलेले नाही. एवढे कळते की ते पाहून झाल्यावर लगेच दुसऱ्याला पाठवणे हे यांतले कोणतेच काम नव्हे.

राईनपाडा घडला त्याच रात्री मालेगावातही तीच अफवा होती. परभणीकडून आलेल्या पाच जणांच्या कुटुंबाला, त्यात दोन वर्षांचे मूल, जमावाने घेरले. तिथल्या एका रहिवाशाने त्यांना आपल्या घरात घेतले आणि पोलिसांनी जमावाशी झुंजून त्यांना बाहेर काढले. संदेश त्या रहिवाशापर्यंतही आलाच असावा. पण त्याच्यासमोर संदेश नव्हता, माणसे होती.

राईनपाड्याची बातमी वाचल्यावर आम्ही काय केले? फोनमधला तो संदेश पुसून टाकला. आपला आपण पुसला, चौघांकडचा तसाच राहिला. सत्याविरुद्ध केलेल्या अपराधाची क्षमा मिळाली तरी त्याची भरपाई करण्याचे कर्तव्य उरते, असे तोच धर्मशिक्षण ग्रंथ सांगतो, क्रमांक २४८७. ज्या दारांत खोटे नेले त्याच दारांत जाऊन खरे सांगायचे. खोटे पाठवायला एक क्षण लागला होता. ‘मी पाठवले ते खोटे होते’ हे लिहायला आम्हाला खूप दिवस लागले, आणि शेवटी लिहिलेच नाही, मिस्सा संपल्यावर अंगणात एकेकाला गाठून सांगितले.

तिघे हसले. त्यांना तो संदेश आठवतही नव्हता. चौथ्या बाई मात्र थांबल्या. म्हणाल्या, “मला आठवतोय. मी तो माहेरी पाठवला होता, भावाला. त्याने कुणाकुणाला दिला असेल, विचारते आज.”