दमयंतीचा निर्णय

नल द्यूतात हरत चालला होता. मंत्री आणि नगरजन दाराशी आले, दमयंतीने दोनदा विनवलं. त्याने उत्तरसुद्धा दिलं नाही. तेव्हा तिने विनवणं सोडलं. वार्ष्णेय सारथ्याला बोलावलं, दोन्ही मुलांना रथात बसवलं आणि विदर्भात, आपल्या माहेरी कुंडिनपुराला धाडून दिलं. पुढे नल राज्य हरला, नेसत्या वस्त्रानिशी बाहेर पडला. मुलं मात्र आजोळी सुखरूप होती.

महाभारतात ही कथा बृहदश्व ऋषी वनवासातल्या युधिष्ठिराला सांगतात, म्हणजे तसंच सर्वस्व घालवून बसलेल्याला. मला तिच्यात सर्वांत मोलाचा वाटतो तो दमयंतीचा हा निर्णय. नवऱ्याच्या निग्रहावर तिने भिस्त ठेवली नाही. जे वाचवायचं ते त्याच्या हाताबाहेर नेलं.

कारण निग्रह डावाबाहेर होतो आणि मोडतो तो डावात. ऋग्वेदातल्या अक्षसूक्ताचा जुगारीही पुन्हा खेळायचं नाही असं ठरवतो आणि फासे वाजले की निघतो. त्याचं ठरवणं खोटं नसतं. हरताना माणसाची बुद्धीच वेगळी चालते. डॅनिएल कानेमन आणि एमोस ट्वर्स्की यांनी १९७९ साली हे मांडलं : फायद्याच्या वेळी आपण जपून वागतो, हाती येईल ते घेतो, पण तोटा समोर दिसला की तो टाळायला मोठी जोखीम पत्करतो. 'एवढं भरून निघू दे, मग उठतो' हे त्याच बुद्धीचं बोलणं.

शेअर बाजारातल्या फ्युचर्स-ऑप्शन्सला कायदा जुगार म्हणत नाही. पण बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीच्या २०२४ च्या अहवालात मागच्या तीन आर्थिक वर्षांचा हिशेब आहे : शंभरातले ९३ वैयक्तिक गुंतवणूकदार तोट्यात, आणि सलग दोन वर्षं तोटा सोसलेल्यांपैकी तीन चतुर्थांशांहून अधिक लोक तरीही थांबले नाहीत. ही माणसं अडाणी नाहीत. म्हणून 'जरा आवर घाल' एवढं सांगून भागेल, असं मला वाटत नाही.

ब्रिटनने २०२० मध्ये क्रेडिट कार्डावर जुगार खेळायला बंदी केली. उसना पैसा डावावर लावण्याची एक वाट त्यामुळे बुजली. सिंगापूरमध्ये कॅसिनोत आपल्याला प्रवेश देऊ नये, असा अर्ज माणूस स्वतः करू शकतो आणि त्याच्या वतीने घरचेही करू शकतात. ही दुसरी सोय मला फार शहाणपणाची वाटते.

आपल्याकडेही बरंच घरातच करता येईल. मुलांच्या शिक्षणाची ठेव नवरा-बायको दोघांच्या सहीशिवाय मोडता येऊ नये. चुटकीसरशी कर्ज देणारी ॲप फोनवरून काढून टाकावीत. खेळाच्या खात्यात ठरलेल्या रकमेपलीकडे पैसाच जाऊ नये, अशी मर्यादा आधीच घालावी. आणि हे बोलणं हरून आलेल्या रात्री काढू नये, मोठा डाव जिंकल्याच्या भरातही नको. चार दिवस शांत गेले, की खेळणाऱ्याशी बोलता येतं.