माझे गाणे कोणाचे?

एखादी गोष्ट आपल्याला मनापासून आवडावी आणि तीच इतरांनाही आवडू लागली म्हणून आपण खिन्न व्हावे, हे वरवर पाहता चमत्कारिक वाटते. परंतु मनुष्याच्या अंतःकरणात असे दुःख असते, आणि पुष्कळदा त्यालाच आपण प्रेम म्हणतो. ते खरोखर प्रेम आहे काय, हा प्रश्न माझ्यापुढे माझ्या भाचीने उभा केला.

ही मुलगी बंगळुरात वाढली. चौदाव्या वर्षापासून तिला ‘इंडी’ संगीताचे वेड लागले. इंडी म्हणजे स्वतंत्र. मोठी ध्वनिमुद्रण कंपनी किंवा चित्रपट यांच्या आश्रयावाचून कलावंताने स्वतः गीत रचावे, पदरच्या पैशाने मुद्रित करावे आणि श्रोत्यांपर्यंत न्यावे, अशी ही रीत. मँचेस्टरच्या बझकॉक्स या वाद्यवृंदाने १९७७ साली उसनवारी करून आपली पहिली तबकडी स्वतःच काढली, तेव्हा इंग्लंडातील अनेक तरुणांना या वाटेने जाण्याचे धैर्य आले. आपल्या देशात, १९९० साली दिल्लीत स्थापन झालेल्या इंडियन ओशन या वृंदाने २०१० मध्ये आपल्या नव्या संग्रहातील गीते महिन्याला एक याप्रमाणे इंटरनेटवर विनामूल्य दिली. त्याच वर्षी पुण्यात ‘एनएच सेव्हन वीकेंडर’ हा महोत्सव सुरू झाला आणि अशा कलावंतांना मोठा श्रोतृवर्ग प्रत्यक्ष भेटू लागला.

भाचीचा जीव जडला होता तो प्रतीक कुहाड यांच्या ‘कोल्ड/मेस’ या गीतावर. जयपूरचा हा तरुण न्यूयॉर्कला गणित व अर्थशास्त्र शिकला आणि पुढे गिटार घेऊन गाऊ लागला. त्याचे गाणे तिने स्वतः शोधून काढले होते. घरी कोणाला ते ठाऊक नव्हते, वर्गातही फारसे नाही. डिसेंबर २०१९ मध्ये अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा यांनी त्या वर्षीच्या आपल्या आवडत्या गीतांची यादी प्रसिद्ध केली. तीत हे गीत होते.

आम्हांला वाटले, पोरीला आनंद होईल. ती रडली. म्हणाली, “मामा, आता ते माझं राहिलं नाही. ज्यांना नावही माहीत नव्हतं, तेच सुट्टीनंतर मला ते ऐकवायला येतील.” त्या दिवसापासून तिने ते गीत ऐकणे सोडले. मी हसलो. पोरवय आहे, ओसरेल, असे म्हणून विषय मिटवला.

पण विषय मिटायचा नव्हता. आम्ही काही मराठी कुटुंबे महिन्यातून एकदा कोणाच्या तरी घरी प्रार्थनेसाठी जमतो. तेथे रेव्हरंड टिळकांचे एक पद मी आजीच्या चालीवर म्हणत असे. आजी नगरची. तिची चाल इतर कोणाला येत नव्हती, आणि खरे सांगायचे तर ती कोणाला शिकवावी असे मला कधी वाटले नाही. २०२० च्या फेब्रुवारीत एका तरुणाने गिटारवर तेच पद, तीच चाल, थोडी वळणे बदलून म्हटली. मागील वेळी त्याने माझे गाणे मोबाईलवर टिपून घेतले होते. सर्वांनी मोठ्या आनंदाने साथ दिली. मी ओठ मिटून बसलो. परत येताना भाची हळूच म्हणाली, “मामा, तुझंही गाणं गेलं का रे?”

त्या रात्री मला झोप लागली नाही. सोळा वर्षांच्या मुलीत जे मला बालिश वाटले, तेच साठीकडे झुकलेल्या माझ्यात ‘परंपरेचा अभिमान’ असे भारदस्त नाव घेऊन बसले होते.

न्यायाने पाहिले पाहिजे. अशा वेळी माणूस काहीच गमावत नाही, असे नाही. पन्नास-साठ श्रोत्यांच्या खोलीत गायक आपल्याकडे पाहून बोलतो. त्याचा श्वास ऐकू येतो, तार चुकली तर तो हसतो आणि आपणही हसतो. हजारोंच्या मैदानावर ही जवळीक उरत नाही. तिच्याबद्दल हळहळ वाटणे स्वाभाविक आहे. परंतु जवळीक वेगळी आणि गीत वेगळे. गीतातील एकही सूर ओबामांनी नेला नव्हता. माझ्या आजीच्या चालीचेही काही उणे झाले नव्हते. उणे झाले होते ते एवढेच की, ‘हे फक्त मला ठाऊक आहे’ असे म्हणण्याची सोय.

संत ऑगस्टीन यांनी ‘देवाचे नगर’ या ग्रंथात या संबंधी एक मार्मिक विचार मांडला आहे. भूमी वाटली म्हणजे प्रत्येकाचा वाटा लहान होतो. चांगुलपणाचे तसे नाही. त्यात सोबती मिळाला तर तो घटत नाही, उलट सोबत्यांवरील प्रेमाच्या प्रमाणात वाढतो. आणि जो तो एकट्यासाठी राखू पाहतो, त्याला तो लाभतच नाही. गाणे हे भूमीसारखे आहे की चांगुलपणासारखे, हे प्रत्येकाने स्वतःला विचारून पाहावे.

आणखी एक गोष्ट. ज्याच्यावर आपण प्रेम करतो त्याचे भले व्हावे, ही प्रेमाची पहिली अट होय. स्वतंत्र कलावंताला वाद्ये, ध्वनिमुद्रण, प्रवास, साथीदारांचे मानधन हे सारे स्वतःच भागवावे लागते. पन्नास तिकिटांवर ते भागत नाही. तेव्हा ‘तो आमच्यापुरताच अज्ञात राहो’ या इच्छेचा सरळ अर्थ ‘तो गरीबच राहो’ असा होतो. रसिकाने आपल्या नकळत मागितलेली ही मोठी क्रूर देणगी आहे. शिवाय सर्वांना आवडते म्हणून आवडून घेणारा जसा गर्दीचा गुलाम, तसाच सर्वांना आवडते म्हणून टाकून देणाराही. दोघांचाही निर्णय गर्दीच करते.

आणि मी कोणाच्या चालीवर हक्क सांगत होतो? टिळकांनी ओवी-अभंगाचे वळण आपल्या भजनांत आणले. तुकोबांच्या वाटेने आपण ख्रिस्ताकडे आलो, हे त्यांनी कधी लपवले नाही. ‘आमच्या चाली आमच्यापाशीच राहोत’ असे वारकऱ्यांनी म्हटले असते, तर आजीच्या ओठी काय आले असते?

मार्चमध्ये टाळेबंदी आली. सभागृहे बंद झाली, आमची प्रार्थनाही. ज्याला त्याला आपले गाणे अगदी एकट्याचे मिळाले. पुढे २०२२ मध्ये भाचीला एका मोठ्या मैदानावरील कार्यक्रमाला जायचे होते. तिच्या आईने परवानगी दिली ती मामा सोबत असेल या अटीवर. कानांत कापूस घालून मी मागे उभा राहिलो. एका गीतात गायक मध्येच थांबला आणि अनोळखी माणसांच्या त्या समुदायाने ओळ पूर्ण केली. माझ्या शेजारचा एक मुलगा डोळे मिटून गात होता. भाची त्याच्याकडे बराच वेळ पाहत राहिली. परतताना म्हणाली, “मामा, मला वाटायचं, त्या गाण्यात मी एकटीच आहे.” थोड्या वेळाने तिने दोन वर्षे न ऐकलेले ‘कोल्ड/मेस’ लावले आणि एक इअरफोन माझ्या हाती दिला.

पुढच्या प्रार्थनेच्या दिवशी मी त्या तरुणाला बाजूला बोलावले. दुसऱ्या कडव्यात आजी एक हरकत घेत असे. ती त्याच्या गिटारवर नीट उतरली नव्हती. मी ती त्याला तीनदा म्हणून दाखवली. चौथ्यांदा त्याला जमली. आता ती त्याला येते, आणि मला वाटते, माझ्याहून बरी येते.