एकाहत्तर टक्के सायकल

फ्लॅन ओ'ब्रायन या आयरिश लेखकाच्या 'द थर्ड पोलिसमन' या कादंबरीत एक फौजदार अत्यंत गंभीर चेहऱ्याने अणुसिद्धांत सांगतो. खडबडीत रस्त्यावर वर्षानुवर्षे सायकल हाकली की माणसाचे अणू सायकलीत आणि सायकलीचे माणसात शिरतात. त्याच्या हिशेबाने गावचा पोस्टमन ७१ टक्के सायकल झालेला आहे! ही लागण आटोक्यात राहावी म्हणून फौजदार स्वतःच लोकांच्या सायकली चोरतो. १९४० मध्ये लिहून झालेली ही कादंबरी तेव्हा प्रकाशकाने नाकारली. ती छापली गेली १९६७ साली, लेखकाच्या निधनानंतर.

कठोपनिषद ठाऊक असलेल्या वाचकाला हा विनोद नुसता हसून सोडवत नाही. यमाने नचिकेताला सांगितलेल्या रूपकात शरीर हा रथ, बुद्धी सारथी, मन लगाम, इंद्रिये घोडे आणि आत्मा रथाचा स्वामी. रथ कसाही असो, स्वामी त्याहून निराळा. फौजदाराला नेमके हेच अमान्य आहे.

आयर्लंडच्या राजधानीत, डब्लिनमध्ये, रोजच्या सायकलीवरून चाललेला वाद मुळात माणूस आणि वाहन वेगळे की एकच, याच प्रश्नाचा आहे. यमाचे ऐकायचे तर उपाय उपदेशाचा: घोडे आवरा, चालकांनो धीर धरा, सायकलवाल्यांनो हेल्मेट आणि चमकते जाकीट घाला. फौजदाराचे ऐकायचे तर उपदेश वाया जाणार. मोटारीत बसलेल्या सज्जनालाही पुढची सायकल अडथळाच वाटते; तोच सज्जन सायकलवर आला की त्याला मागची मोटार उर्मट वाटू लागते. स्वभाव बदलायचा तर आधी वाहन आणि रस्ता बदलावा लागेल.

शहराने दुसरी वाट धरली ती उशिरा. सप्टेंबर २००९ मध्ये 'डब्लिनबाइक्स' ही सार्वजनिक सायकल योजना सुरू झाली, ४० थांब्यांवर ४५० सायकली घेऊन. वर्गणीदाराला पहिला अर्धा तास फुकट. सायकल कुणाच्याच मालकीची नाही. सकाळी वकिलाने सोडलेली दुपारी विद्यार्थिनी नेणार. फौजदाराच्या गणिताची इथे पंचाईतच होते, कारण कोणाचे अणू कोणात गेले हे आता मोजणार कसे?

जागा वाटून घ्यायची वेळ आली तेव्हा मात्र गोडी संपली. सँडीमाउंटच्या स्ट्रँड रोडवर मोटारींना एकेरी वाहतूक आणि उरलेल्या जागेत दुतर्फा सायकलमार्ग, असा सहा महिन्यांचा प्रयोग महापालिकेने आखला होता. रहिवासी कोर्टात गेले आणि २०२१ मध्ये हायकोर्टाने प्रयोग अडवला. महापालिका अपिलात गेली. समुद्रकाठचा एक रस्ता, तोही प्रयोगापुरता, आणि त्यावर एवढी लढाई! रथ आणि स्वामी खरोखर इतके वेगळे असते तर रथाची वाट थोडी अरुंद झाल्याने स्वामीला आपलाच अपमान झाल्यासारखे का वाटावे?

यमाला पूर्ण बाद करता येत नाही, हेही खरे. अपघात झाल्यावर न्यायाधीशापुढे 'मी नव्हे, माझ्यातली मोटार' हा बचाव टिकत नाही. तिथे स्वामी वेगळा काढून उभा करावाच लागतो. कोर्टात उपनिषद आणि नगररचनेत फौजदार, अशी वाटणी तर्काला कितीही खटकली तरी शहराला ती सोयीची पडते.

२०२० च्या आयरिश आघाडी सरकारने चालणे आणि सायकलिंग यांसाठी वर्षाला ३६ कोटी युरो राखून ठेवण्याचे ठरवले. ऑगस्ट २०२४ पासून लिफी नदीकाठी, ओकॉनल पुलाजवळच्या दोन्ही काठांच्या रस्त्यांवरून खासगी मोटारींना दिवसा सरळ जाता येत नाही. बस, टॅक्सी आणि सायकली जातात. शहरात मोटार न्यायला मनाई नाही, फक्त वळसा पडतो. तरी गिऱ्हाईक तुटेल म्हणून काही व्यापाऱ्यांनी या बदलाला जोरदार विरोध केला होता.