अस्तेय आणि दुरून पाहण्याचा अधिकार

२१ जानेवारी २००७ रोजी नागपूरच्या जुन्या मैदानावर भारत आणि वेस्ट इंडीज यांचा एकदिवसीय सामना झाला, पुनरागमन करणारा गांगुली ९८ धावांवर बाद झाला, चंद्रपॉल १४९ धावा करून शेवटपर्यंत नाबाद राहिला आणि भारत अवघ्या १४ धावांनी जिंकला. परंतु तेथून हाकेच्या अंतरावरच म्हणावे अशा कोराडीत ज्या घरावर केवळ दूरदर्शनची अँटेना होती, त्या घरात यांतले काही थेट दिसले नाही, कारण प्रक्षेपणाच्या मक्तेदाराने सरकारी वाहिनीला चित्रच दिले नव्हते. त्यावर प्रथम वटहुकूम आणि मग त्याच वर्षी कायदा झाला. पुढे २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने त्या कायद्याने मिळणाऱ्या चित्राची हद्द आखून दिली, ती अशी की ते दूरदर्शनच्या स्वतःच्या प्रक्षेपणापुरते आणि त्याच्या मोफत डिशपुरतेच राहावे, खासगी केबलवाल्यांकडे जाऊ नये. जवळ घडलेले दुसऱ्यांच्या वाट्याला जावे, हा न्याय कोराडीला अपरिचित नाही. येथल्या औष्णिक केंद्राची वीज राज्यभर जाते आणि राख तेवढी गावाच्या वाट्याला येते.

आता सामने फोनवर आले आणि प्रश्न कायद्याच्या दफ्तरातून धर्मविचारात शिरला. कोराडीचा एखादा मुलगा नोकरीनिमित्त अमेरिकेस जातो, निघण्यापूर्वी त्याने वर्षाची वर्गणी रीतसर भरलेली असते, आणि तेथे उतरल्यावर ॲप सांगते की आपल्या प्रदेशात हा सामना उपलब्ध नाही. मग तो व्हीपीएन लावतो, आपण कोराडीतच आहोत असे भासवतो आणि सामना पाहतो. ही चोरी काय? योगसूत्रातील पाच यमांची कसोटी लावली तर अस्तेय, म्हणजे चोरी न करण्याचे व्रत, सरळसरळ भंगले असे म्हणवत नाही, कारण दाम मोजलेला आहे. तो दाम येथल्या पाहण्याचा होता, तिथल्या नव्हे, हा आक्षेप वकिली असला तरी पोकळ नाही. तिथला हक्क दुसऱ्याच कोणी विकत घेतलेला असतो. निःसंशय भंगते ते सत्य. वाणी ही आपला बोध दुसऱ्यापर्यंत पोचविण्यासाठी असते, म्हणून ती फसवी असता कामा नये, असे योगसूत्रांवरील व्यासभाष्य म्हणते. तेव्हा ज्याला बोधच होत नाही त्या यंत्राशी बोललेले असत्य हे असत्य नव्हे, असा युक्तिवाद कोणी करील. मला तो पटत नाही. यंत्र कोणा माणसाच्या वतीने विचारते आणि उत्तर त्या माणसालाच दिले जाते.

पण दोषाचे माप एकाच्याच पदरात घालून मोकळे होणे हा न्याय नव्हे. पुढे वर्ध्याजवळ सेवाग्रामला येऊन राहिलेल्या गांधींनी १९३० साली येरवड्याच्या तुरुंगातून व्रतांविषयी जी पत्रे लिहिली, त्यांत अस्तेयाचा अर्थ त्यांनी इतका विस्तारला की गरज नसताना वस्तू घेणे हीही चोरीच ठरली. मग एखाद्या मुलखाचे हक्क घेऊन ठेवायचे, तेथे सामना दाखवायचा नाही, दुसऱ्यास दाखवू द्यायचा नाही, आणि पैसे हातात घेऊन आलेल्या माणसास परतवून लावायचे, हा संग्रह कोणत्या सदरात घालावा? खेळाडूंचे मानधन आणि मैदानांचा खर्च मक्त्याच्याच पैशांतून निघतो, हे मान्य. तथापि मक्ता घेऊन वस्तू कुलपात ठेवल्याने त्यात एका पैशाचीही भर पडत नाही. नवरात्रात कोराडीच्या जगदंबेपुढे रांग लागते ती गाभाऱ्यापुढची जागा अपुरी म्हणून. सामना मात्र आणखी एकाने पाहिला म्हणून पहिल्याचे पाहणे तसूभरही उणे होत नाही.

अस्तेय दृढ झाले की सर्व रत्ने आपण होऊन साधकाजवळ येतात, असे पतंजलींनी त्याचे फळ सांगितले आहे. व्रत पाळून परमुलखात बसलेल्या या साधकाजवळ सध्या तरी केवळ धावफलक येतो. त्याने विचारलेच, तर मी व्हीपीएन काढ म्हणेन, आणि त्याच दमात उरलेल्या महिन्यांची वर्गणी परत मागणारा अर्ज कंपनीकडे कर म्हणेन. उत्तर आले नाही तर ग्राहक आयोगाकडे तक्रार आता घरबसल्या दाखल करता येते.