मागून येणाऱ्याचे ऋण

हत्यार निवडणे हा निव्वळ व्यवहाराचा प्रश्न आहे, त्यात नीतीचा संबंध कोठे येतो, असे कोणीही विचारील. मीही तसेच मानीत होतो. परंतु चंदीगडच्या एका दुरुस्तीच्या दुकानात मला विचारल्या गेलेल्या एका साध्या प्रश्नाने ही समजूत डळमळीत केली.

घरच्या छोट्या कर्मशाळेतील विजेच्या करवतीचे आवरण मला उघडायचे होते. त्याचे स्क्रू टॉर्क्स जातीचे, म्हणजे ज्यांच्या डोक्यात सहा टोकांच्या ताऱ्यासारखा खळगा असतो असे. बाजारातून मी सर्वांत स्वस्त संच आणला. डबीत बारा स्क्रू-ड्रायव्हर होते. संख्या पाहूनच मन तृप्त झाले. पहिल्याच स्क्रूवर जोर देताच हत्याराचे टोक पिळवटले आणि खळग्याच्या कडा गुळगुळीत झाल्या. अखेर करवत दुकानात नेली. कारागिराने ती उलटसुलट करून पाहिली व विचारले, "इसे पहले किसने खोला था?" मी उत्तरलो, "पता नहीं."

एका स्क्रूपायी मी खोटे बोललो. का बोललो, याचा विचार करताना त्या स्क्रूकडे प्रथमच नीट पाहिले.

टॉर्क्सचा घाट अमेरिकेतील कॅमकार टेक्स्ट्रॉन या कंपनीने १९६७ मध्ये सिद्ध केला. त्यापूर्वीच्या फिलिप्सच्या चौफुलीच्या भिंती उतरत्या असतात. म्हणून जोर वाढला की टोक वर सरकून बाहेर पडते. टॉर्क्सच्या भिंती सरळ उभ्या असल्याने हाताचा जोर जवळजवळ सगळा फिरविण्यातच खर्ची पडतो. मात्र हा गुण माप अचूक असेल तरच फळतो. टी-२० च्या खळग्याची रुंदी सुमारे ३.९५ मिलिमीटर, टी-२५ ची ४.५ मिलिमीटर. अर्ध्या मिलिमीटरहून थोडासा अधिक फरक! धाकटे टोक थोरल्या खळग्यात सहज शिरते, काही काळ फिरतेही, आणि फिरता फिरता कडा खाऊन टाकते. या चंदीगडातच १९६३ साली सूक्ष्म उपकरणे घडविणारे तंत्रज्ञ तयार करण्यासाठी भारतीय-स्विस प्रशिक्षण केंद्र सुरू झाले. अर्धा मिलिमीटर म्हणजे केवढे मोठे अंतर, हे तेथील विद्यार्थ्याला सांगावे लागत नसेल.

मौज अशी की, वाईट हत्याराची शिक्षा बहुधा ते वापरणाऱ्याला होत नाही. स्क्रू कसाबसा निघतो, पुन्हा आवळलाही जातो. पुढे वर्षांनी जो कोणी ते यंत्र उघडू पाहील, त्याच्या हाती गुळगुळीत खळगा येतो. 'वस्तू माझी आहे, मी तिचे काहीही करीन' हा युक्तिवाद येथे अपुरा पडतो. वस्तू माझी खरी; पण ती उघडण्याची सोय मला कोणीतरी शाबूत ठेवून दिली होती, आणि तशीच ती पुढे सोपविणे मला भाग होते. २०२२ मध्ये केंद्र सरकारने दुरुस्तीच्या हक्काचा विचार करण्यासाठी समिती नेमली. तो हक्क न्याय्यच आहे. परंतु उघडण्याचा हक्क मागणाऱ्याने वस्तू दुसऱ्यालाही उघडता येईल अशी ठेवली पाहिजे, हे त्या हक्काचेच दुसरे अंग होय.

मग महागडे हत्यार घेईल तोच नीतिमान काय? तसे मुळीच नाही. घरच्या कामाला टी-१०, टी-१५, टी-२०, टी-२५ आणि टी-३० एवढी मापे बहुधा पुरतात. बारा कच्ची हत्यारे घेण्याऐवजी त्याच पैशांत दोन-तीन पक्की घ्यावीत. टोक पोलादाचे व नीट कडक केलेले असावे, त्याच्या कडा स्पष्ट असाव्यात. नवा स्क्रू त्यावर बसविला असता तो डळमळू नये. टोकाच्या मध्यभागी छिद्र असलेली जात छेडछाड-रोधक स्क्रूंसाठी असते. ती पोकळ, म्हणून दुबळी. रोजच्या कामाला भरीवच बरी. प्रश्न पैशापेक्षा संयमाचा अधिक आहे.

आपल्या परंपरेने देवऋण, ऋषिऋण व पितृऋण अशी तीन ऋणे सांगितली. पितृऋण संततीच्या रूपाने फेडायचे, म्हणजे ते मागच्यांचे असूनही पुढच्यांकडे वळते. ज्यांचे आयुष्य बदल्यांत जाते त्यांना याचा अर्थ निराळा सांगायला नको. सरकारी निवासस्थान असो वा फाइल, आपण कोणाच्या तरी मागून येतो आणि कोणाच्या तरी आधी जातो. आधीच्या अधिकाऱ्याने गुंता करून ठेवलेली फाइल उघडताना आपण त्याला मनातल्या मनात काय म्हणतो, हे ज्याचे त्याला ठाऊक. आपल्या फाइलीविषयी मात्र तो प्रश्न आपल्यासमोर कोणी विचारीत नाही. तोवर आपली बदली झालेली असते.

माझी बदली झालेली नव्हती. करवत आणावयास गेलो तेव्हा कारागिराला सांगून टाकले, की ती मीच उघडली होती. त्याने नुसती मान हलविली आणि जुन्याच्या जागी बसविलेला नवा स्क्रू बोटाने दाखविला.